‘सांपडलें नाहीं’

आषाढांतील एके दुपारीं आमच्या मंगळवार पेठेंतील घरासमोर एक वृद्ध बाई रिक्षेंतून उतरल्या. पाऊस कोल्हापूरच्या पद्धतीनें, म्हणजे थांबण्याचा मुळींच विचार नसल्यासारखा, पडत होता. बाईंच्या हातांत प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेलें एक पत्र होतें, आणि तें आमच्याच सहीचें होतें. तीन महिन्यांपूर्वीं आम्हीं त्यांना कळविलें होतें कीं, आपण विचारलेला लेख आमच्या संग्रहांत शोधला, तो सांपडला नाहीं, क्षमस्व. बाई वयानें ऐशींच्या पुढच्या. त्या भांडावयास आल्या नव्हत्या. पायपुसण्यावर पाय पुसून, खुर्चीच्या कडेला बसून त्यांनीं एवढेंच विचारलें, “पुन्हां एकदां पाहाल का? मला वाटतें, तो असावा.”

वाचकांस थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. नोकरींतून मोकळे झाल्यापासून आम्ही कोल्हापुरांतील एका लहानशा संस्थेचें काम विनावेतन पाहतों. ज्या शहरांत १८५० सालींच ग्रंथालय निघालें, त्या शहरांत जुन्या छापील कागदांविषयीं आस्था असावी यांत नवल नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांतील कांहीं वाचनालयांनीं व कुटुंबांनीं आपलीं जुनीं मासिकें, साप्ताहिकें आणि स्मरणिका संस्थेच्या स्वाधीन केल्या. त्यांचीं पानें स्कॅन करण्यांत आलीं. छायाचित्रांतील अक्षरें संगणकाकडून ओळखवून घेऊन मजकूर तयार झाला. आणि त्या सर्वांची एक प्रचंड शोधसूची बनली. कै. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची जी सूची आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचून सिद्ध केली, ती आम्हांस नेहमींच वंदनीय वाटत आली आहे. परंतु ती ग्रंथांची सूची. आमची सूची ग्रंथांतल्या शब्दाशब्दाची. सुमारें वीस लक्ष पानांवरचा हरएक शब्द कोणकोणत्या पानावर आहे हें तींत नोंदलेलें असतें. कोणींही घरबसल्या शब्द टाकावा आणि तीं पानें त्याच्यापुढें यावींत, अशी योजना.

बाईंची हकीकत अशी. त्यांच्या आईनें लग्नापूर्वीं, म्हणजे १९३० ते १९४० च्या दरम्यान केव्हां तरी, स्त्रियांच्या एका मासिकांत एक लेख लिहिला होता. एकच. पुढें संसार, मुलें, सासरचीं माणसें यांत पुन्हां लेखणी धरावयास सवड झाली नाहीं. तो अंक लोखंडी ट्रंकेंत, लग्नांतल्या शालूच्या घडींत ठेवलेला असे. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेला महापूर आला आणि शाहूपुरींतील अनेक घरांप्रमाणें बाईंच्याही घरांत पाणी शिरलें. ट्रंक तीन दिवस पाण्याखालीं राहिली. उघडली तेव्हां शालू ओळखूं येत होता. कागदाचा लगदा झाला होता. आईचें माहेरचें आडनांव आणि मथळ्यांत ‘चूल’ होती एवढी आठवण, हीच काय ती बाईंजवळची सामग्री. मासिकाचीं नांवें त्यांनीं दोन सांगितलीं. दोहोंविषयींही खात्री नव्हती.

त्या गेल्यावर त्याच रात्रीं आम्हीं पुन्हां शोध केला. पडद्यावर तें लहानसें चक्र फिरूं लागलें, आठ सेकंद फिरलें, आणि पूर्वींप्रमाणेंच अक्षरें उमटलीं : ‘सांपडलें नाहीं’. आम्हीं चष्मा काढून ठेवला. स्वयंपाकघराच्या दारांत आमच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. संगणकाशीं त्यांचा संबंध नातीचीं छायाचित्रें पाहण्यापुरता. परंतु प्रश्न करण्याची त्यांची हातोटी निराळी आहे. त्या म्हणाल्या, “अहो, तें ‘नाहीं’ म्हणालें, कीं शोधतां शोधतां दमलें?”

यंत्राला दमणें ठाऊक नसतें, असें आम्हीं हंसून सांगितलें.

आमचा पुतण्या पुण्यास असल्याच कामाच्या नोकरींत आहे. शनिवारीं तो आला तेव्हां बाईंची गोष्ट त्याच्या कानावर घातली. त्यानें दर्शनी पान बाजूस सारून यंत्राकडून येणारें मूळ उत्तरच उघडून दाखविलें. त्यांत आंकड्यांच्या गर्दींत एक लहानशी नोंद होती : उत्तर अपुरें आहे. चौकशीअंतीं उलगडा झाला तो असा. एखाद्या किचकट प्रश्नानें सबंध यंत्र अडवून धरूं नये म्हणून प्रत्येक शोधास मुदत घालून देतात. आमच्याकडे ती आठ सेकंदांची होती. मुदत संपली कीं यंत्र हातांतलें काम टाकतें, तोंवर जेवढें मिळालें तेवढें पुढें करतें, आणि आपण काम पुरें केलेलें नाहीं असें इमानानें नोंदवितें. आमचें सुबक दर्शनी पान ती नोंद वाचीतच नव्हतें. हातीं एकही पान आलें नसेल, तर तें बेधडक ‘सांपडलें नाहीं’ असें लिहून मोकळें होई. यंत्रानें आपल्या परीनें खरें सांगितलें होतें. शिक्का मारून खोटें लिहून दिलें तें आम्हीं. जावक वही काढून पाहिली. गेल्या वर्षभरांत अशीं अकरा नकारपत्रें आमच्या सहीनें गेलीं होतीं. त्या रात्रीं जेवण गोड लागलें नाहीं.

शोध मंदावल्याची तक्रार कांहीं नवी नव्हती. कार्यकारी मंडळाच्या बैठकींत ती दोनदां निघाली होती. एका सभासदांच्या मतें यंत्र जुनें झालें, दुसरें मोठें घ्यावें. दुसऱ्यांच्या मतें दोष तारांचा, पावसाळ्यांत हें चालावयाचेंच. तिसऱ्यांनीं यंत्र एकदां बंद करून पुन्हां चालू करण्याचा सनातन उपाय सुचविला. आम्हीं स्वतः महिन्याभरच्या शोधांची सरासरी काढून मंडळापुढें ठेविली होती. ती अर्ध्या सेकंदाच्या आंत होती, आणि तिच्या जोरावर तक्रार दप्तरीं दाखल करून टाकली होती. पुतण्यानें ती सरासरी पाहून मान हलविली. “काका, सरासरीवरून दुखणें कळत नाहीं. सर्वांत हळू गेलेले प्रश्न तेवढे वेगळे काढूं.” पंगतींत नऊ जण तुडुंब जेवले आणि दहावा उपाशी उठला, तरी सरासरीनें पंगत तृप्तच ठरावयाची. इतक्या लग्नांत वाढपी म्हणून वावरलेल्या आम्हांस हें पोरानें सांगावें लागलें!

ठराविक वेळेपेक्षां अधिक रेंगाळणाऱ्या प्रश्नांची निराळी नोंद ठेवण्याची सोय अशा यंत्रांत असते. आमच्या यंत्रांतही होती. ती कोणीं चालू केली नव्हती, एवढेंच. ती चालू करून आठवडाभर वाट पाहिली. पुढच्या शनिवारीं पुतण्यानें ती नोंद कागदावर उतरवून घेतली आणि आम्हीं दोघांनीं जेवणाच्या टेबलावर तिचे ढीग पाडले. एक ढीग तात्काळ डोळ्यांत भरला. त्यांतील सारे प्रश्न पहांटे पांचपासून सकाळीं नऊपर्यंतचे होते.

त्याचें कारण समजावून घेतांना आम्हांस आमचें स्वयंपाकघरच आठवलें. नुकतीं वाचलेलीं पानें संगणक आपल्या जवळच्या जलद स्मृतींत ठेवतो. बाकीचीं तबकडीवर राहतात, आणि तेथून आणावयास वेळ लागतो. रोजचे डबे ओट्याजवळच्या फळीवर आणि बाकीचे माळ्यावर, तसाच हा प्रकार. आतां, रोज रात्रीं दोन वाजतां आमच्या सबंध संग्रहाची राखीव प्रत निघत असे. प्रत काढतांना प्रत्येक पान हाताळलें जातें, आणि जें हाताळलें तें फळीवर जाऊन बसतें. दिवाळीच्या आवराआवरींत वर्षांतून एकदां लागणारें घंगाळ खालीं यावें आणि मिठाचा डबा माळ्यावर जावा, तशी अवस्था रोज पहांटे होई. आणि सकाळच्या पहिल्या वाचकास प्रत्येक वस्तु शिडी लावून काढावी लागे. प्रत काढणाऱ्या कार्यक्रमानें हाताळलेल्या वस्तु फळीवर मांडूं नयेत, अशी व्यवस्था अर्ध्या तासांत करतां आली. आम्ही इतके हर्षभरित झालों कीं, दोष सांपडला व दूर झाला, असें पत्र मंडळाला त्याच दिवशीं पाठवून दिलें. पत्र घाईचें ठरलें. सकाळची तक्रार मिटली खरी. परंतु दुसरा ढीग जसाच्या तसा राहिला, आणि बाईंचा प्रश्न त्या दुसऱ्या ढिगांत होता.

या दुसऱ्या ढिगाला वेळेचें बंधन नव्हतें. आम्ही तो पुनःपुन्हां वाचूं लागलों तेव्हां निराळीच गोष्ट ध्यानांत आली. ‘शाहू महाराज’, ‘रंकाळा’, ‘अंबाबाई’ असें विचारणारा एकही मनुष्य या ढिगांत नव्हता. त्यांना पापणी लवण्याच्या आंत उत्तरें मिळत होतीं. येथें होतें कोणा एका कीर्तनकाराचें नांव, आजऱ्याकडच्या एका वाडीचें नांव, आतां कोणी घेत नाहीं अशा एका काढ्याचें नांव, पणजोबांचें आडनांव. जें साऱ्या जगास ठाऊक आहे तें क्षणांत मिळावें, आणि ज्याची जगांत एखाद्यालाच ओढ आहे त्याच्यावरच मुदत संपावी, असा हा न्याय होता. तो कोणीं लावला, याचा शोध अखेर आमच्याच दारीं येऊन थांबला.

तें सांगण्यापूर्वीं सूचीची रचना सांगितली पाहिजे. या यंत्राच्या मुळाशीं ल्यूसीन नांवाचा कार्यक्रम आहे. डग कटिंग या अमेरिकन गृहस्थांनीं तो १९९९ सालीं तयार केला आणि आपल्या पत्नीच्या मधल्या नांवावरून त्याचें नांव ठेविलें. (ही माहिती ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, तिचें वर्णन येथें करीत नाहीं.) यांत सर्व शब्दांची यादी कोशाप्रमाणें क्रमानें लावलेली असते आणि प्रत्येक शब्दापुढें त्याचीं पानें लिहिलेलीं असतात. यादी कितीही लांब असो, शब्दाचा आरंभ ठाऊक असला कीं थेट त्या जागीं जातां येतें. मोल्सवर्थच्या कोशांत ‘पाऊस’ पाहावयाचा तर कोणी ‘अ’ पासून वाचीत येत नाहीं.

आतां आमचा अपराध. २०१८ सालीं, संग्रह लहान असतांना, एका परिचितांनीं तक्रार केली कीं ‘कोल्हापूर’ शोधलें असतां ‘कोल्हापुरास’, ‘कोल्हापुरांतील’, ‘कोल्हापूरकर’ हीं पानें येत नाहींत. तक्रार रास्त होती. मराठी शब्द वाक्यांत क्वचितच एकटा येतो. घर म्हटलें कीं घरास, घरानें, घराचा, घरीं, घरांत, घरांतल्या, घरापुढें, घरासुद्धां. आपल्याला तें एकच घर. यंत्राला हे सारे परके शब्द. आम्हीं त्या वेळच्या तरुण तंत्रज्ञास तोड सुचविली : साधा शोध निष्फळ झाला कीं शब्दाच्या दोन्ही अंगांस तारका लावून पुन्हां शोधावें. तारका म्हणजे ‘येथें कांहींही असो’ अशी खूण. त्यानें मान वांकडी केली होती, हें आम्हांस आतां आठवतें. परंतु वडीलधाऱ्या मनुष्यापुढें तो बोलला नाहीं. तेव्हां संग्रह जेमतेम दोन लक्ष पानांचा होता. उत्तर झटकन् आलें, परिचित संतुष्ट झाले, आणि त्या बैठकीच्या वृत्तांतांत आमच्या अभिनंदनाचा ठराव आजही वाचावयास मिळतो.

तारका शब्दाच्या शेवटीं असली तर फारसें बिघडत नाहीं. ती आरंभीं आली कीं कोशाचा सारा क्रम व्यर्थ होतो, हें आम्हांस पुतण्याच्या आकृत्यांवरून जेवढें उमगलें त्याहून अधिक घरांतल्या भेंड्यांवरून उमगलें. सौभाग्यवतींना मनाचे श्लोक २०५ च्या २०५ पाठ आहेत, शिवाय आरत्या, भूपाळ्या, जुन्या कवितांचा सांठा वेगळाच. भेंड्यांत त्यांच्यावर कोणाची भेंडी चढल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. अक्षर पडतें न पडतें तोंच श्लोक हजर. त्या सुमारास सुटींत आलेल्या नातीनें एके संध्याकाळीं खोडी काढली. ती म्हणाली, “आजी, आज उलट्या भेंड्या. ‘ण’ नें सुरू होणारें नको, ‘ण’ नें संपणारें सांग.” आमच्या सौभाग्यवती थबकल्या. त्यांनीं डोळे मिटले, आणि ओठ हलूं लागले. त्या पहिल्या श्लोकापासून एकेक श्लोक मनांतल्या मनांत म्हणून त्याचें शेवटचें अक्षर पाहत होत्या. नात दहापर्यंत आंकडे मोजून “चढली!” म्हणून ओरडली. तेवढ्यांत त्या बहुधा तिसाव्या श्लोकापर्यंत पोंचल्या असतील. ‘ण’ वर संपणारी ओळ त्यांना ठाऊक नव्हती असें थोडेंच आहे?

आमच्या यंत्राला तर चार कोटींहून अधिक शब्द म्हणून पाहावे लागत. मराठींत इतके शब्द कोठून आले, असें वाचक विचारतील. जुनी छपाई, झिजलेले खिळे, पिंवळे पडलेले कागद. ‘घ’ चा ‘ध’, ‘भ’ चा ‘म’, ‘व’ चा ‘ब’ असें वाचणें संगणकाला सहज जमतें; आणि असें प्रत्येक चुकीचें वाचन यादींत नवा शब्द म्हणून नांव नोंदवितें. खऱ्या शब्दांची वाढ संग्रह मोठा होतां होतां मंदावते, कारण तेच शब्द पुन्हां येतात. चुकांना असा अंत नाहीं. त्यांत पुन्हां ही यादी एकसंध नसते. नवीन पानांचा प्रत्येक गठ्ठा आपली निराळी छोटी यादी घेऊन येतो, आणि त्या एकत्र होईपर्यंत यंत्राला प्रत्येकींत डोकवावें लागतें. २०१८ सालीं जें पापणी लवण्यापुरतें काम होतें, तें आठ सेकंदांत मावेनासें झालें. आणि तें इतकें हळूहळू झालें कीं एकाही महिन्यांत कोणास वेगळें कांहीं जाणवलें नाहीं.

दुरुस्ती होईपर्यंत थांबणें आम्हांस जड जात होतें. पुतण्यानें त्याच रात्रीं मुदत उठवून आमचे अकराही प्रश्न एकामागून एक लावले. एकेकास मिनिटाच्या वर वेळ लागला. अकरांपैकीं सहांचीं पानें निघालीं. सहा जणांना आम्हीं लेखी नकार दिला होता, आणि सहाही वेळां तो कागद आमच्या संग्रहांत होता! बाईंचा लेख मात्र अद्यापही आला नाहीं. आतां वेळ अमर्याद होता, तेव्हां हें उत्तर खरें मानावयास हरकत नव्हती. आम्हीं तसें मानलेंही. सौभाग्यवतींनीं कागदावरची अक्षरें पाहून सहज म्हटलें, “‘चूल’ म्हणून मथळ्यांत कशी येईल? चुलीवर, चुलीपाशीं, चुलीपुढें, असेंच कांहींतरी असणार.” आम्ही व पुतण्या एकमेकांकडे पाहूं लागलों. ‘चूल’ दीर्घ, ‘चुली’ ऱ्हस्व. ज्या आमच्या परिचितांसाठीं आम्हीं तारकांचा खटाटोप केला, त्यांचें ‘कोल्हापुरास’ ही तारकांनीं कधीं सांपडलें नव्हतें; सांपडलें होतें तें ‘कोल्हापूरकर’, आणि तेवढ्यावर ठराव झाला होता.

यानंतरचें काम दोन महिने चाललें. तत्त्व एवढेंच कीं, कष्ट विचारणाऱ्याच्या माथीं न मारतां नोंद करतेवेळींच करून ठेवावे. शब्द सूचींत घालतांनाच त्याचे प्रत्यय उतरवून मूळ रूप नोंदावें, ऱ्हस्व आणि दीर्घ एकच मानावे. शब्दाच्या शेवटावरून शोधणारे लोकही असतात, विशेषतः ‘कर’ नें संपणाऱ्या आडनांवांचे. त्यांच्यासाठीं प्रत्येक शब्द उलटा करूनही ठेवावा. ‘आगरकर’ हें ‘रकरगआ’ झालें, कीं सारे ‘कर’ ‘रक’ या आरंभाखालीं आपोआप एकत्र बसतात, आणि कोशाचा क्रम पुन्हां कामास येतो. ही युक्ति आम्हांस फार आवडली. उलट्या भेंड्यांस हेंच उत्तर होतें.

प्रत्यय उतरविणें मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. सप्तमीचा ‘त’ काढावयास सांगितल्याबरोबर यंत्रानें ‘भात’ चा ‘भा’ केला, ‘हात’ चा ‘हा’ केला. ‘स’ काढावयास सांगितला तेव्हां ‘तास’ आणि ‘रस’ लंगडे झाले. अपवादांची यादी करणें प्राप्त झालें. श्रावणांतल्या कितीतरी संध्याकाळीं आम्ही उभयतां झोपाळ्यावर बसून ‘त’ आणि ‘स’ नें संपणारे प्रामाणिक शब्द लिहून काढीत होतों. कापूस, फणस, माणूस, उंस. वरात, परात, गणपत. स्वयंपाकघरांतले शब्द आम्हांस सुचले नाहींत, ते त्यांना सुचले.

अनुस्वारांचा प्रश्न आम्हांस व्यक्तिशः झोंबला. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या नियमांनीं व्युत्पत्तीचे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वींच्या मासिकांत ‘घरांत’ आणि ‘नाहीं’, त्यानंतरच्या मासिकांत ‘घरात’ आणि ‘नाही’. आम्ही वडिलांच्या वळणावर अजून अनुस्वार देतों, आणि संपादक ते कृपेनें राखतात. परंतु शोधणाऱ्यानें काय करावें? दोन्ही एक मानल्याखेरीज गत्यंतर नव्हतें. तसें केलें आणि ‘नांव’ व ‘नाव’ यांतला भेद बुडाला. तेव्हांपासून नांव शोधणाऱ्यास अधूनमधून होडी मिळते. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्य’ दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं टंकलिखित होतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ही आणखी एक गंमत. तिचा बंदोबस्त एका ओळींत झाला.

सबंध सूची नव्यानें बांधावयास तीन रात्री लागल्या. जुनी सूची तोंवर चालूच ठेविली होती. आम्हीं पन्नास अवघड प्रश्नांची वही अगोदरच करून ठेविली होती. नव्या सूचीला ते सर्व विचारले आणि वेळेबरोबर उत्तरेंही ताडून पाहिलीं. एका सेकंदाच्या वर एकही गेलें नाहीं. दोन ठिकाणीं मात्र जुन्या तारकांना जें मिळत होतें तें नव्या सूचीला मिळेना. लांबलचक समासाच्या पोटांत दडलेले ते शब्द होते. म्हणून तारका अगदींच काढून टाकल्या नाहींत. ‘खोल शोध’ असें एक निराळें बटण ठेविलें आहे. त्याला पांच मिनिटांची मुदत आहे, आणि मुदत संपली तर पान आतां स्पष्ट अक्षरांत ‘शोध अपुरा राहिला’ असें लिहितें. नवें यंत्र घेतलें नाहीं. त्या पैशांतून कांहीं अंकांची बांधणी करून घेतली. तारकांना नाखुषीनें होकार देणाऱ्या त्या तंत्रज्ञास आम्हीं पत्र लिहिलें. तो आतां बंगळुरास असतो. त्याचें उत्तर विनोदी होतें, तें त्याच्या परवानगीवांचून छापीत नाहीं.

सहा जणांस पानांच्या प्रती पाठविल्या, सोबत माफीचें पत्र. एक पाकीट परत आलें. त्यावर टपालवाल्यानें दोन शब्द लिहिले होते, ते येथें लिहवत नाहींत.

बाईंचा लेख नव्या सूचीनें पहिल्याच प्रश्नाला दिला. मथळ्यांत ‘चुलीपुढें’ असा शब्द होता. मासिक त्यांनीं सांगितलेल्या दोहोंपैकीं एकही नव्हतें. चार पानें, डाव्या कोपऱ्यांत वाळवीचें एक भोंक, तें चारही पानांतून आरपार गेलेलें. प्रत मोठ्या अक्षरांत काढून आम्ही उभयतां शाहूपुरींत गेलों. बाईंच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ रंगाखालून अजून दिसते. त्यांनीं प्रत घेतली, नांवावरून बोट फिरविलें, आणि मोठ्यानें वाचावयास आरंभ केला. मध्यें एके ठिकाणीं थांबून त्या म्हणाल्या, “हें ती बोलायची तस्संच आहे.” आणि पुढें वाचूं लागल्या. चौथ्या पानाच्या तळाशीं कंसांत ‘अपूर्ण’ असें छापलें होतें. तें त्यांनीं वाचलें, पान उलटून मागें पाहिलें, आणि विचारलें, “पुढचा अंक?”

तो आम्हीं घरीं येऊन शोधला. सूचींत शोधला, खोल शोधानें शोधला, आणि दुसऱ्या दिवशीं संस्थेंत जाऊन कपाटांतल्या गठ्ठ्यांवर हातानेंही शोधला. त्या वर्षाचे नऊ अंक आहेत. नेमका तो नाहीं. तसें त्यांना समक्ष जाऊन सांगितलें. तीन वाचनालयांस पत्रें घातलीं आहेत. दोघांचीं उत्तरें आलीं, तिसऱ्याचें यावयाचें आहे.